आयपी पत्ता माहीत नसलेल्या स्विचच्या कमांड लाइनपर्यंत पोहोचायचे कसे?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा साहाय्यक आहे. संस्थेचे नेटवर्क ज्यांच्याकडे होते ते सर मे महिन्यात निवृत्त झाले आणि जूनपासून ते काम माझ्याकडे आले. आमच्याकडे सिस्कोचे तीन कॅटॅलिस्ट २९६० स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी नेटवर्कची यंत्रे) आहेत : दोन मुख्य इमारतीत आणि एक ग्रंथालयात. सरांनी जाताना एक वही दिली. तिच्यात तिन्ही स्विचचे पासवर्ड आहेत, कोणते पोर्ट कोणत्या खोलीत जाते याची यादीही आहे. परंतु स्विचचा व्यवस्थापनासाठीचा आयपी पत्ता कुठेच नोंदवलेला नाही. फोन करून विचारले, तेव्हा सर म्हणाले, “मी नेहमी कन्सोलनेच जात असे, आयपी दिला होता की नाही ते आता आठवत नाही.”

ग्रंथालयातील संगणकांसाठी मला एक वेगळे व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळे राखलेले नेटवर्क), क्रमांक ३०, तयार करायचे आहे. यासंबंधीचे पुष्कळ व्हिडिओ पाहिले, पण ते सगळे काळ्या पडद्यावर प्रॉम्प्ट (आज्ञा लिहायला सांगणारे चिन्ह) आल्यानंतर सुरू होतात आणि माझी अडचण प्रॉम्प्ट येण्याच्या आधीची आहे. माझ्या लॅपटॉपला जुन्या पद्धतीचे सीरियल पोर्ट नाही. स्विच चालू असताना केबल जोडली तर चालते का, आणि आत गेल्यावर नुसते पाहण्यानेही काही बिघडू शकते का, हे दोन प्रश्न कदाचित अगदी प्राथमिक असतील; तरीही या स्विचवर चारशेच्या आसपास विद्यार्थ्यांचे काम अवलंबून असल्यामुळे ते विचारल्याशिवाय मला हात लावायचा नाही.

निळी_केबल

ताई, हात लावण्याआधी विचारलेत हे उत्तम केलेत. सरांची पद्धतही चुकीची नव्हती. कन्सोल हा एकच मार्ग असा आहे की ज्याला आयपी, व्हीलॅन, गेटवे यांपैकी काहीही लागत नाही, त्यामुळे नेटवर्क पूर्ण कोलमडले तरी तो शिल्लक राहतो.

स्विचच्या मागील बाजूस ‘कन्सोल’ असे लिहिलेले एक पोर्ट असेल. ते दिसायला नेटवर्कच्या पोर्टसारखेच असते, पण त्यातून इथरनेट जात नाही, सीरियल संदेश जातात. त्यासाठी स्विचसोबत फिकट निळ्या रंगाची चपटी केबल येते, तिला रोलओव्हर केबल म्हणतात, कारण एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाला आठव्या जागी, दुसरी सातव्या जागी, अशी ती पूर्ण उलटलेली असते. साधी पॅच केबल तिथे चालणार नाही. लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसल्यामुळे यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घ्यावा लागेल, किंवा एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला आरजे-४५ असलेली तयार कन्सोल केबलच घ्या. तीत कन्व्हर्टर केबलच्या आतच बसवलेला असतो. चिप एफटीडीआयची असेल तर ड्रायव्हरचा त्रास कमी होतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. चालू स्विचला ही केबल जोडता येते, त्यासाठी काहीही बंद करावे लागत नाही.

विंडोजमध्ये केबल जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ या शीर्षकाखाली कॉम ३, कॉम ५ असा एखादा क्रमांक दिसेल, तो लिहून ठेवा. पुट्टी हा टर्मिनलचा प्रोग्राम उघडून ‘सीरियल’ निवडा, तो कॉम क्रमांक द्या आणि वेग ९६०० ठेवा. डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. यानंतरची एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते : पुट्टीमध्ये फ्लो कंट्रोल मुळात ‘एक्सऑन/एक्सऑफ’ असतो, तो ‘नन’ करा. त्याच खिडकीत ‘लॉगिंग’मध्ये जाऊन सगळे काम एका फाइलमध्ये नोंदले जाईल अशी व्यवस्था करा, पुढे तिचा उपयोग होईल. मग जोडणी उघडा आणि एंटर दाबा, कारण एंटर दाबेपर्यंत पडदा कोराच राहतो आणि त्या कोऱ्या पडद्याकडे पाहून अनेक जण केबल खराब आहे असे समजून उठून जातात.

आता पाहण्याने बिघडते का, त्याविषयी. आत गेल्यावर स्विचच्या नावापुढे ‘>’ असे चिन्ह दिसेल. ही पाहुण्याची खोली समजा. ‘एनेबल’ लिहून पासवर्ड दिलात की ‘#’ दिसेल, म्हणजे सगळ्या किल्ल्या तुमच्या हाती आल्या. पुढे ‘कॉन्फिगर टर्मिनल’ लिहिलेत की कंसात ‘कॉन्फिग’ दिसते आणि तिथे लिहिलेली प्रत्येक ओळ एंटर दाबताक्षणी अमलात येते. ‘शो’ने सुरू होणाऱ्या आज्ञा फक्त दाखवतात, काही बदलत नाहीत, तेव्हा पहिले दोन दिवस ‘शो’च्या बाहेर पडूच नका. मात्र ‘डीबग’ ही पाहण्याची आज्ञा वाटली तरी ती चालू स्विचवर वापरू नका. तिच्या संदेशांचा लोंढा प्रोसेसरला झेपेनासा होऊ शकतो.

(आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, स्विचवर त्या रोमन लिपीत टंकायच्या आहेत.)

कृष्णाकाठ

मनापासून आभार. केबल आली. पहिल्या स्विचवर तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळे केले, पण पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हे येत आहेत. एंटर दाबले की त्यांत आणखी भर पडते. केबल सदोष असेल का?

सिंहगड_रस्ता

केबल ठीक आहे. एंटर दाबल्यावर काहीतरी येते याचाच अर्थ तारा जागेवर आहेत. असा गोंधळ दिसला की बहुधा दोन्ही बाजूंचा वेग जुळत नसतो. तुमच्याआधी कोणीतरी कन्सोलचा वेग वाढवून ठेवला असण्याची शक्यता आहे. ११५२०० करून पाहा, नाही जमले तर १९२००, ३८४०० आणि ५७६०० तपासा.

कृष्णाकाठ

११५२०० वर लगेच प्रॉम्प्ट आला! वहीत तशी नोंद केली आहे. बाकीचे दोन स्विच ९६०० वरच आहेत.

कालचा दिवस केवळ पाहण्यात गेला. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ने कळले की तिन्ही स्विचना व्हीलॅन १० वर आयपी पत्ता दिलेला होता आणि सरांना तो खरोखरच आठवत नव्हता. ‘शो सीडीपी नेबर्स’ने कोणता स्विच कोणत्या पोर्टने कोणाला जोडला आहे तेही दिसले, आणि वहीतील दोन नोंदी चुकीच्या निघाल्या. प्रश्नचिन्ह दाबले की पुढे काय लिहिता येईल त्याची यादी येते, हे मला सगळ्यात जास्त आवडले. चुकीचा शब्द लिहिला की खाली एक छोटे ‘^’ चिन्ह नेमक्या त्या चुकलेल्या अक्षराखाली येते, तेही.

एक त्रास मात्र होतो. ‘शो’ लिहिताना एकदा ‘शोए’ लिहिले गेले, तर स्विच बराच वेळ ‘ट्रान्सलेटिंग’ असे म्हणत अडकून बसला आणि तोवर मला काहीच करता येईना.

निळी_केबल

अनोळखी शब्द म्हणजे एखाद्या यंत्राचे नाव असावे, असे समजून स्विच डीएनएसकडे, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेकडे, त्याचा पत्ता विचारत राहतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ ही तीन बटणे एकत्र दाबली की तो तिथून सुटतो. कायमचा उपाय म्हणजे कॉन्फिग मोडमध्ये ‘नो आयपी डोमेन-लुकअप’. आणि ‘लाइन कन्सोल ०’मध्ये ‘लॉगिंग सिंक्रोनस’ही देऊन ठेवा, म्हणजे तुम्ही टंकत असताना मध्येच एखादा संदेश आला तरी तुमची अर्धी ओळ पुन्हा नीट खाली दिसेल.

बदल केल्यावर तो जतन करायला विसरू नका. स्विचमध्ये दोन प्रती असतात : चालू असलेली ‘रनिंग-कॉन्फिग’ स्मृतीत आणि जपून ठेवलेली ‘स्टार्टअप-कॉन्फिग’ फ्लॅशमध्ये. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ केले नाही आणि वीज गेली, तर तुमचे काम गेले. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

सिंहगड_रस्ता

आयपी सापडलाच आहे, तर एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून सांकेतिक रूपात आत जाण्याची सोय, सुरू करून घ्या. ‘शो रनिंग-कॉन्फिग’मध्ये ‘लाइन व्हीटीवाय’ (नेटवर्कवरून आत येण्याच्या वाटा) याखाली ‘ट्रान्सपोर्ट इनपुट टेलनेट’ असे असेल तर ते आधी बदलायला हवे. टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा जातो. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्या घटनेनंतर तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. एफटीपीचे २१ आणि टेलनेटचे २३ यांच्यामध्ये मोकळा असलेला २२ हा पोर्ट क्रमांक त्यांनी त्यासाठी मागून घेतला. तुमच्या तंत्रनिकेतनात तर संगणक शाखेचे विद्यार्थी आहेत, आणि नेटवर्कवरचे पॅकेट पकडून पाहणे हा त्यांच्या प्रात्यक्षिकाचाच भाग असतो.

क्रम असा ठेवा. आधी ‘होस्टनेम’ आणि ‘आयपी डोमेन-नेम’ द्या, कारण एसएसएचच्या सांकेतिक किल्लीचे नाव त्या दोन्हींवरून तयार होते. मग ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए’ लिहा आणि लांबी विचारल्यावर २०४८ सांगा. ‘क्रिप्टो’ ही आज्ञाच ओळखली जात नसेल, तर ‘शो व्हर्जन’मध्ये आयओएसच्या (सिस्कोच्या स्विचवरील कार्यप्रणालीच्या) फाइलचे नाव पाहा, त्यात ‘के९’ नसेल तर त्या आवृत्तीत एसएसएच नाही. त्यानंतर ‘आयपी एसएसएच व्हर्जन २’. मग ‘युजरनेम’ तयार करताना ‘पासवर्ड’ हा शब्द न वापरता ‘सीक्रेट’ वापरा. ‘पासवर्ड’ने ठेवलेला शब्द ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ लावल्यावर सातव्या प्रकारात दिसतो आणि तो प्रकार काही क्षणांत उलगडता येतो. ‘एनेबल’लाही ‘एनेबल सीक्रेट’ आहे याची खात्री करा. सगळ्यात शेवटी ‘लाइन व्हीटीवाय ० १५’मध्ये ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’. ही शेवटची ओळ किल्ली तयार होण्याआधी लिहिली तर टेलनेट बंद होते आणि एसएसएच सुरू झालेले नसते, म्हणून हे सगळे कन्सोलवर बसूनच करा. जतन करण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत जाऊन पाहा, आणि तोवर कन्सोलची खिडकी बंद करू नका.

जुन्या स्विचवर आजच्या लिनक्समधून जाताना ‘नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड’ किंवा ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप’ असे येऊ शकते. हा तुमचा दोष नाही. लिनक्समधील ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रामने २०१५ मधील ७.० आवृत्तीत किल्ली ठरवण्याची ग्रुप-१ ही जुनी पद्धत मुळात बंद ठेवली आणि २०२१ मधील ८.८ मध्ये एसएचए-१ वर आधारलेल्या आरएसए सह्याही बंद केल्या. अशा वेळी जुनी पद्धत फक्त त्या एका स्विचच्या पत्त्यापुरती, आपल्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये मोकळी करावी, सगळ्यांसाठी कधीच नाही.

कृष्णाकाठ

एसएसएच तिन्ही स्विचवर सुरू झाले. मात्र काल माझ्या हातून एक चूक घडली. ती येथे सविस्तर लिहिते, कारण या धाग्यावर पुढे येणाऱ्या एखाद्याला तिचा उपयोग होईल.

स्टाफरूममध्ये बसून मी एसएसएचने ग्रंथालयाच्या स्विचमध्ये गेले होते. व्हीलॅन ३० तयार केले, संगणकांची पोर्ट त्यात घातली. आता ते मुख्य इमारतीपर्यंत पोहोचायला हवे, म्हणून ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅन दुसऱ्या स्विचकडे नेणाऱ्या पोर्टवर) जाऊन ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असे लिहिले आणि एंटर दाबले. प्रॉम्प्ट परत आलाच नाही. आधी वाटले की नेटवर्क संथ झाले आहे, म्हणून आणखी दोनदा एंटर दाबले. मग पुट्टीची खिडकी बंद पडली आणि पाठोपाठ ग्रंथपालांचा फोन आला की परीक्षेचे अर्ज भरायला बसलेल्या सगळ्या मुलांचे इंटरनेट गेले आहे.

निळी केबल आणि लॅपटॉप घेऊन धावत गेले. पुट्टीच्या नोंदींची फाइल होती, तिच्यात सकाळी दिलेल्या ‘शो इंटरफेसेस ट्रंक’चे उत्तर सापडले आणि मूळ यादी १, १०, २० अशी होती हे कळले. कन्सोलवरून ती यादी ३० सह पुन्हा लिहिल्यावर सगळे सुरळीत झाले. यात पंचवीस मिनिटे गेली. मुलांचे अर्ज नंतर भरले गेले, पण ती पंचवीस मिनिटे मला फार जड गेली. माझा प्रश्न असा आहे की मी एक व्हीलॅन वाढवायला सांगितले असताना बाकीची का गेली?

निळी_केबल

कारण त्या ओळीचा अर्थ ‘३० वाढव’ असा होत नाही, ‘यादीत फक्त ३० असू दे’ असा होतो. वाढवण्यासाठी ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०’ लिहावे लागते. तीन अक्षरांचा तो ‘अ‍ॅड’ गाळला की जुनी यादी पुसली जाते. तुम्ही स्वतः व्हीलॅन १० वरून आत आला होतात, आणि त्या यादीतून १० निघाल्याबरोबर तुमच्या पायाखालची फांदीच तुटली. ताई, ही चूक मोठमोठ्या नेटवर्कमध्ये, अनुभवी माणसांच्या हातून झालेली मी पाहिली आहे. माझ्याही हातून झाली आहे, आणि माझ्या वेळी तो स्विच साठ किलोमीटर दूर, कुलूप लावलेल्या खोलीत होता. तुम्ही केबल घेऊन धावत जाऊ शकलात, मला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबावे लागले.

म्हणून दुरून काम करताना मी एक क्रम कधीही सोडत नाही. जो मार्ग आपल्याला आत घेऊन आला आहे, त्याला ज्या ज्या ओळीचा धक्का लागू शकतो, म्हणजे ट्रंक, व्यवस्थापनाचे व्हीलॅन, डिफॉल्ट गेटवे, अ‍ॅक्सेस-लिस्ट किंवा अपलिंकचे पोर्ट, त्या ओळीआधी मी चालू कॉन्फिग जतन करतो आणि मग ‘रीलोड इन १०’ देतो. याचा अर्थ असा की दहा मिनिटांनी स्विच आपोआप बंद होऊन सुरू होईल आणि जतन केलेल्या, चांगल्या स्थितीत परत येईल. त्यानंतर बदल करायचा. मार्ग तुटला तर दहा मिनिटे आणि स्विच पुन्हा सुरू व्हायला लागतील तेवढी काही मिनिटे वाट पाहायची. मार्ग टिकला, सगळे तपासून झाले, की ‘रीलोड कॅन्सल’ द्यायचे आणि त्यानंतरच जतन करायचे.

यात दोन जागा सांभाळायच्या आहेत. जतन न केलेले बदल असताना ‘रीलोड इन’ दिले, तर स्विच विचारतो की कॉन्फिग बदलली आहे, जतन करू का. सवयीने ‘यस’ म्हणालात आणि ते बदल चुकीचे असले, तर परतायला चांगली स्थितीच उरत नाही. म्हणून आधी जतन, मग ‘रीलोड इन’, मग बदल, हा क्रम मोडू नका. दुसरी जागा अशी की काम यशस्वी झाल्याच्या आनंदात ‘रीलोड कॅन्सल’ द्यायचे राहून जाते आणि भर दुपारी स्विच बंद पडतो. मी मोबाइलवर आठ मिनिटांचा गजर लावतो.

मांडवी

मी पणजीहून लिहितो आहे. सिस्कोच्या नव्या आयओएसमध्ये स्विच बंद न करता परत येण्याची सोय आहे. आधी ‘आर्काइव्ह’मध्ये प्रत ठेवण्याची जागा ठरवून द्यावी लागते. मग ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टाइमर ५’ असे म्हणून आत गेलात, तर पाच मिनिटांत ‘कॉन्फिगर कन्फर्म’ न दिल्यास बदल मागे घेतले जातात. ज्या स्विचवरून फोन आणि कॅमेऱ्यांनाही वीज जाते, तिथे याची किंमत कळते, कारण ‘रीलोड’ने ती सगळी उपकरणेही बंद होतात.

इतर कंपन्यांच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांसाठी : ज्युनिपरच्या जुनॉसमध्ये लिहिलेली ओळ ‘कमिट’ करेपर्यंत अमलातच येत नाही. ‘शो | कंपेअर’ने काय बदलणार आहे ते आधी पाहता येते, आणि ‘कमिट कन्फर्म्ड’ दिले की दहा मिनिटांत पुन्हा ‘कमिट’ न केल्यास जुनी स्थिती परत येते. माझ्या मते ही मांडणी सगळ्यात विचारपूर्वक केलेली आहे. मायक्रोटिकमध्ये टर्मिनलवर कंट्रोल आणि एक्स दाबले की ‘सेफ मोड’ सुरू होतो, आणि संपर्क तुटला तर त्यानंतरचे बदल आपोआप रद्द होतात. मात्र संपर्क तुटल्याचे राउटरच्या लक्षात यायला नऊ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, तेवढा धीर धरावा.

कृष्णाकाठ

आज मुख्य इमारतीतील पहिल्या स्विचवर तेच काम निळी_केबल यांच्या क्रमाने केले. ‘अ‍ॅड’ लिहिण्याआधी ओळ मोठ्याने वाचली. ‘रीलोड कॅन्सल’ दिल्यावर ‘शटडाउन अबॉर्टेड’ असा तारकांमधला संदेश आला, तो पाहून हायसे वाटले. व्हीलॅन ३० दोन्ही टोकांना दिसत आहे.

आता दुसऱ्या स्विचचे. एसएसएच सुरू करताना तो कन्सोलवर आधीच ‘#’मध्ये उघडा होता, त्यामुळे तेव्हा लक्षात आले नाही, पण वहीत लिहिलेला त्याचा ‘एनेबल’ पासवर्ड लागूच पडत नाही.

निळी_केबल

कॉन्फिग न गमावता तो बदलता येतो, मात्र स्विच बंद करावा लागेल, म्हणून सुट्टीचा दिवस धरा. कन्सोल जोडून ठेवा, स्विचची वीज काढा, पुढचे ‘मोड’ बटण दाबून धरून वीज परत द्या. सिस्टिमचा दिवा क्षणभर पिवळट होऊन स्थिर हिरवा झाला की बटण सोडा. ‘स्विच:’ असा प्रॉम्प्ट येईल. तिथे ‘फ्लॅश_इनिट’ द्या, मग ‘रीनेम’ने ‘कॉन्फिग.टेक्स्ट’ या फाइलचे नाव बदलून ‘कॉन्फिग.टेक्स्ट.ओल्ड’ करा आणि ‘बूट’ म्हणा. स्विच कोरा सुरू होईल आणि प्राथमिक मांडणी करायची का असे विचारेल, तेव्हा ‘नो’ म्हणा. ‘एनेबल’ पासवर्डशिवाय मिळेल. आता फाइलचे नाव पूर्ववत करा, ती ‘रनिंग-कॉन्फिग’मध्ये कॉपी करा, आणि ‘#’मधून बाहेर न पडता नवा ‘एनेबल सीक्रेट’ देऊन जतन करा. मध्येच बाहेर पडलात तर जुना पासवर्ड पुन्हा आडवा येईल आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. कोणी ‘नो सर्व्हिस पासवर्ड-रिकव्हरी’ देऊन ठेवले असेल तर कॉन्फिग पुसूनच आत जाता येते, म्हणून आज एसएसएचने जेवढी माहिती दिसते तेवढी, पोर्ट आणि व्हीलॅनसकट, उतरवून घ्या.

कृष्णाकाठ

रविवारी सकाळी नऊला गेले, साडेनऊला काम झाले. दिवा पिवळट होण्याची वाट पाहताना पहिल्या वेळी बटण लवकर सोडले गेले, दुसऱ्या वेळी जमले. कॉन्फिग जशीच्या तशी आहे. तिन्ही स्विचचे आयपी पत्ते, कन्सोलचे वेग आणि ट्रंकच्या याद्या आता वहीच्या पहिल्या पानावर आहेत आणि निळी केबल रॅकच्या दाराला आतून बांधून ठेवली आहे.